भिंतीनं खरं बोलावं का?

मनोविकारतज्ज्ञ रुग्णाला जे प्रश्न विचारतात त्यांतले काही अगदी शाळकरी वाटतात. आज वार कोणता? महिना कोणता चालू आहे? हे गाव कोणतं, ही इमारत कसली, आपण कितव्या मजल्यावर आहोत? स्मृती आणि भान तपासण्यासाठी फोलस्टाइन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी १९७५ साली ३० गुणांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. पुढे ती जगभर रूढ झाली. तिच्यातले १० गुण याच प्रश्नांना आहेत, पाच काळाचे आणि पाच स्थळाचे. म्हणजे माणूस भानावर आहे की नाही याचा एक तृतीयांश निवाडा ‘मी कुठे आहे आणि केव्हा आहे’ एवढ्यावर होतो. आता हे प्रश्न जिथे विचारले जातात त्या वास्तू बहुधा कशा असतात ते पाहावं. भिंतीवर घड्याळ नाही, असलं तर बंद पडलेलं. कॅलेंडर मागच्या महिन्यावर अडकलेलं. लांबच लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, दारांवर नुसते आकडे, खिडक्यांच्या काचा निम्म्यापर्यंत रंगवलेल्या. आठवडाभर अशा ठिकाणी काढलेल्या धडधाकट माणसालाही वार चटकन सांगता येणार नाही. पण गुण कापले जातात ते रुग्णाचे. इमारतीची परीक्षा कोणी घेत नाही.

माणसाला वाट कशी सापडते, याचं आता एक शास्त्रच झालं आहे. केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकारानं १९६० साली ‘द इमेज ऑफ द सिटी’ या पुस्तकात बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथले लोक आपल्या शहराचा नकाशा मनात कसा बाळगतात हे तपासलं. वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणेच्या जागा, या पाच गोष्टींवर तो नकाशा उभा राहतो. तो स्पष्ट असला की वाट तर मिळतेच, शिवाय मनाला एक सुरक्षितपणा लाभतो, असं त्याचं निरीक्षण होतं. मनोरुग्णालयं सजवणाऱ्यांनी यातला सुरक्षितपणा तेवढा उचलला आणि नकाशा मागे ठेवला असं अनेकदा दिसतं. ‘मन शांत करणारी दिशादर्शक व्यवस्था’ म्हटलं की बोलणं फिकट निळ्या भिंतींवर, पानाफुलांच्या चित्रांवर आणि गोलाई असलेल्या अक्षरांवर येऊन थांबतं. या रंगश्रद्धेची एक कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७९ साली सिॲटलमधल्या नौदलाच्या एका कोठडीला विशिष्ट छटेचा गुलाबी रंग देण्यात आला. या रंगानं कैद्यांचा आक्रमकपणा काही मिनिटांत ओसरतो, असा अलेक्झांडर शॉस या संशोधकाचा दावा होता. ‘बेकर-मिलर गुलाबी’ या नावानं तो रंग मग ठिकठिकाणच्या कोठड्यांत पोचला. पुढे काटेकोर प्रयोग झाले तेव्हा परिणाम काही हाती लागेना. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासातही गुलाबी कोठडीतले कैदी इतरांहून शांत आढळले नाहीत. रंग कुचकामी असतात असं यातून सिद्ध होत नाही. पण भिंत काय सांगते हा प्रश्न टाळून ती कशी दिसते एवढंच सुधारायचं, हा मार्ग फारसा लांब जात नाही, हे मात्र दिसतं.

भिंत सांगते म्हणजे काय? इथे कांटचा आधार घेता येतो. १७८६ साली त्यानं ‘विचारात दिशा कशी ठरवावी’ या विषयावर एक निबंध लिहिला आणि त्यात चक्क अंधाऱ्या खोलीचं उदाहरण दिलं. खोली ओळखीची असेल तर काळोखातही एका वस्तूला हात लागला, आणि ती कुठे असते हे आठवलं, की बाकीची सारी खोली आपोआप जागेवर येते. पण कोणी गंमत म्हणून डावीकडचं सगळं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे करून ठेवलं, तर त्याच चार भिंतींत माणूस हरवतो. शेवटी आधार उरतो तो स्वतःच्या डाव्या-उजव्याच्या जाणिवेचा. कांटला यातून बुद्धीबद्दल बोलायचं होतं. रुग्णालयाची रचना त्याच्या मनात असण्याचं कारण नाही. तरी तीव्र मनोविकाराच्या झटक्यात सापडलेल्या माणसाची अवस्था याहून नेमकी सांगता येणार नाही. त्याची खोली अंधारलेली आहे आणि डाव्या-उजव्याच्या आतल्या जाणिवेवरचाही त्याचा विश्वास उडाला आहे. त्याला आधाराला बाहेरची एकच वस्तू पुरेल, मात्र ती जिथे आहे असं सांगितलं जातं तिथेच असली पाहिजे. म्हणूनच मनोरुग्णालयातल्या पाटीचा, दाराचा, खुणेचा प्रश्न मला आधी सत्याचा वाटतो आणि मग सौंदर्याचा. भिंतीवरची खूण हे संस्थेनं रुग्णाशी केलेलं बोलणं आहे. शांत करण्यासाठी तिनं खोटं बोलावं का, एवढाच खरा वाद आहे, आणि माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

खोटं बोलण्याची परंपरा जुनी आहे आणि ती दयाळू लोकांनीच सुरू केली, ही त्यातली गोम. १७९० साली यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स ही क्वेकर पंथाची बाई दगावली. तिच्या पंथबंधूंना तिला भेटूही दिलं गेलं नव्हतं. या घटनेनं अस्वस्थ होऊन विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्यानं पुढाकार घेतला आणि १७९६ साली ‘यॉर्क रिट्रीट’ उघडलं. साखळ्या आणि फटके यांच्या जागी घरगुती वागणूक, बाग, कामधंदा आणि प्रार्थना आणणारी ही संस्था मानसोपचाराच्या इतिहासात मैलाचा दगड मानली जाते. त्याचा नातू सॅम्युएल ट्यूक यानं १८१३ साली तिचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात इमारतीचे बारकावे आहेत: खिडक्यांना गज लावायचे टाळून चौकटच लोखंडाची ओतलेली, पण दिसायला साध्या लाकडी तावदानासारखी, कडीचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून ती चामड्यानं मढवलेली. चामड्यात गुंडाळलेली कडी मला मनापासून आवडते. तिनं बंदिवास लपवला नाही, आवाज तेवढा कमी केला. लाकडाचं सोंग घेतलेल्या लोखंडाचं मात्र तसं नाही. मिशेल फूकोनं १९६१ सालच्या ग्रंथात ट्यूकवर जो हल्ला चढवला, तो काही अंशी अन्यायाचाच होता. साखळी तुटलेल्या माणसाला त्याच्या टीकेशी काय देणंघेणं! पण बाहेरचा बंध दिसेनासा केला की तो नाहीसा होत नाही, रुग्णाच्या आत जाऊन बसतो, हा त्याचा आक्षेप त्या खिडकीला तंतोतंत लागू पडतो. रुग्ण ती उघडायला जातो, ती उघडत नाही, आणि का उघडत नाही हे तिच्याकडे पाहून कळत नाही. दोष आपल्या हाताचा की डोळ्याचा, हे ठरवत बसणं त्याच्या वाट्याला येतं.

याच ठिकाणी मनोविकाराचा प्रश्न इतर आजारांपासून वेगळा होतो. हृदयरोग्याला दिशादर्शक पाटीनं चुकीच्या मजल्यावर नेलं तर तो वैतागतो, चार शब्द सुनावतो आणि विसरतो. संशयविकार झालेल्या माणसाची तक्रारच मुळी अशी असते की सगळे मिळून मला फसवताहेत, दिसतं तसं काही नाही, भिंतींनाही कान आणि हेतू आहेत. अशा माणसासाठी बाहेर जाण्याच्या दारावर पुस्तकांच्या कपाटाचं चित्र रंगवलं, किंवा कुलूपबंद विभागाला ‘विश्रांती कक्ष’ असं गोड नाव दिलं, तर त्याचा भ्रम त्या एका बाबतीत भ्रम राहत नाही. तो म्हणतो ते खरं असतं. डॉक्टर समजावणार, की इथे तुम्हाला कोणी फसवत नाही. आणि डॉक्टरांच्या पाठीमागची भिंत नेमकं तेच करत असणार. औषधांनी आणि बोलण्यानं जो विश्वास जोडायचा तो वास्तूनं आधीच तोडून ठेवला, तर त्याला उपचार म्हणायचं कसं?

आपल्या परंपरेत या प्रश्नाला एक नेटका साचा आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचं लक्षण सांगितलं आहे: बोलणं उद्वेग न आणणारं असावं, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं. या अटी एकत्र आहेत. आवडेल ती निवडा असा पर्याय दिलेला नाही. शांत करणाऱ्या रचनेचे समर्थक पहिली आणि तिसरी अट उचलतात, सुरक्षारक्षक चौथी उचलतो आणि दुसरी कोणाच्याच वाट्याला येत नाही. पण याच महाभारतात, कर्णपर्वात, कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो आणि तिला वळसा घालून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. कौशिक हा सत्यव्रती तपस्वी. दरोडेखोरांच्या भीतीनं काही माणसं त्याच्या आश्रमाजवळच्या रानात शिरली. मागून आलेल्या दरोडेखोरांनी विचारलं, ती कुठे गेली? कौशिकानं खरी वाट दाखवली. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. म्हणजे खरी वाट दाखवणं हेही पाप ठरू शकतं. जीव द्यायला निघालेला रुग्ण गच्चीचा जिना शोधत असेल तर तिकडे बाण दाखवायचा का?

आक्षेप जोरकस आहे, पण त्या गोष्टीत दोन तपशील आहेत. एक, वाट विचारणारा आणि वाट ज्याची आहे तो, हे तिथे वेगळे होते. रुग्ण विचारतो ती वाट त्याची स्वतःची असते. फार तर, आत्मघाताच्या वेळी तोच दरोडेखोर आणि तोच रानात दडलेला माणूस असतो असं म्हणता येईल, आणि मग दुसरा तपशील उपयोगी पडतो. कृष्णाच्या विवेचनात न बोलण्यानं सुटका होत असेल तर न बोलणं आधी येतं, आणि बोलणं भागच पडलं तरच असत्याची मुभा. वास्तूला न बोलणं सहज जमतं. गच्चीच्या जिन्याला पाटी नको, औषधांच्या कोठाराला नको, गळफासासाठी वापरता येईल असा लोंबता फलक तर कुठेच नको. फलक भिंतीत सपाट बसवलेले असावेत, हे आता सर्वमान्य आहे. जिना दाखवायचा नाही म्हणून तिथे बागेचं चित्र लावायची गरज पडत नाही. मौन पुरतं तिथे असत्याला जागा नाही, एवढी रेघ तर कौशिकाच्या गोष्टीतूनही निघते.

स्मृतिभ्रंशाचा प्रश्न याहून अवघड आहे. जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या बेनराथ भागातल्या एका वृद्धाश्रमासमोर बसचा एक थांबा उभारला होता. खांब खरा, पाटी खरी, बाक खरा. बस मात्र कधीच यायची नाही. घरी जायचं म्हणून निघालेली म्हातारी माणसं तिथे येऊन बसायची, थोड्या वेळानं कर्मचारी जाऊन म्हणायचे, बसला उशीर आहे, तोवर आत येऊन कॉफी घ्या, आणि एव्हाना निघण्याचं कारणच विसरलेलं असायचं. ही कल्पना क्रूर आहे असं मी म्हणणार नाही. रस्त्यावर भरकटण्यापेक्षा, किंवा दाराशी झटापट होण्यापेक्षा, बाकावर बसणं बरं. ज्याच्या मनात खोटेपणा उघड होण्याइतका काळच टिकत नाही, त्याच्याशी खोटं बोलण्याचं नीतिशास्त्र कदाचित वेगळं असेल. पण याच आजारासाठी नेदरलँड्समधल्या वेस्प गावी २००९ साली ‘होगेवाइक’ ही वस्ती उघडली, तिथला मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. वस्तीची बाहेरची कड बंद आहे, हे खरंच. आत मात्र गल्ल्या, चौक, बाग, उपाहारगृह आणि खरं सामान मिळणारं दुकान आहे. निघालेला माणूस कुठेतरी खरोखर पोचतो. कुंपण दोन्हीकडे आहे, फरक पोचण्याचा आहे. आणि थांब्याची युक्ती कितीही माफ केली तरी ती मनोरुग्णालयात उसनी आणता येणार नाही, कारण तिथला रुग्ण बरा होतो, घरी जातो, आणि आपल्याला कशा तऱ्हेनं गप्प बसवलं होतं हे त्याला पक्कं आठवतं. पुन्हा त्रास सुरू झाला की तो त्या दाराशी यायला धजत नाही.

व्यवस्थापकांचा आक्षेप सरळ असतो: बाहेरचं दार स्पष्ट दाखवलं तर रुग्ण पळून जातील. यावर मोठा पुरावा उपलब्ध आहे. जर्मनीतल्या २१ मनोरुग्णालयांच्या १५ वर्षांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला; दारं उघडी ठेवण्याचं धोरण असलेल्या रुग्णालयांत आत्महत्या किंवा पलायन यांचं प्रमाण जास्त आढळलं नाही. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटलेला प्रयोग नव्हे. जर्मनीतलं मनुष्यबळ आपल्याकडे नाही. तेव्हा उद्यापासून सगळी कुलपं काढा असं कोणी यावरून म्हणू नये. मीही म्हणत नाही. पण दार दाखवल्यानं माणूस पळतो, या ठाम समजुतीला मात्र यातून दुजोरा मिळत नाही. शिवाय दार बंद ठेवणं आणि ते लपवणं या दोन वेगळ्या कृती आहेत. बंद दारावर ‘हे दार बंद आहे; सिस्टरना सांगा, त्या उघडतील किंवा का उघडता येत नाही ते सांगतील’ असं लिहिता येतं. मात्र दार कुठे आहे हे नुसतं माहीत असणं किती अपुरं पडू शकतं, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला दिसलं. दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खासगी आश्रमाला पहाटे आग लागली आणि साखळीनं बांधलेली २८ माणसं जळून मेली. त्यांना दार दिसत असेलही. ज्याच्या पायात साखळी आहे त्याला पाटीचा उपयोग नाही, हे मान्य करूनच पाटीबद्दल बोलायला हवं, नाहीतर सगळा विषय रंगरंगोटीचा होऊन बसेल.

आपल्याकडे आणखी एक आक्षेप ऐकू येतो आणि तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. आपण पाट्या वाचणारे लोक नाही, विचारत विचारत जाणारे आहोत. रुग्णासोबत नातेवाईक असतात, मावशी असतात, वॉर्डबॉय असतो. माणसाचा हात असताना बाण कशाला? महानुभावांच्या चरित्रग्रंथात रिद्धपूरचे गोविंदप्रभू दिसतात. वागणं लौकिकार्थानं वेड्याचं, पण गावात, देवळांत, कोणाच्याही घरात मुक्त संचार, आणि गाव सांभाळून घेणारं. अशा गावाला खरोखरच पाटी लागत नाही. मात्र आपली आजची बोली वेगळं सांगते. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘याची रवानगी येरवड्याला’ ही चेष्टा मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तिथे जाण्याचा रस्ता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक, परतीचा कोणी बोलत नाही. आणि आत गेलेल्या माणसाच्या विचारण्याचं काय होतं? ‘बाहेर कुठून जायचं?’ हा प्रश्न नातेवाईकानं केला तर त्याला उत्तर मिळतं. रुग्णानं तीनदा केला तर केसपेपरवर ‘घरी जाण्याचा हट्ट’ अशी नोंद होते. ज्याचा प्रश्न लक्षण म्हणून वाचला जातो त्याला न विचारता कळण्याची सोय लागते. पाटी कोणाच्याही चेहऱ्याकडे पाहून उत्तर बदलत नाही.

रुग्णाच्या वाटेच्या भानावर विश्वास ठेवला तर काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात डॉ. भरत वाटवानी आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणतात, उपचार करतात आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या घरी परत पोचवतात. २०१८ साली त्यांना या कामासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शब्दशः हरवलेली ही माणसं. त्यांची घरं सापडतात ती बहुतांशी त्यांनीच बरं होताना सांगितलेल्या नावांवरून आणि खुणांवरून. उपचार करणाऱ्याला शेवटी वाट विचारावी लागते ती रुग्णालाच, आणि तो सांगतो ती खरी निघते.

खर्चाचं कारण इथे टिकत नाही. चालू घड्याळ, रोज बदलली जाणारी तारीख, दरवाजाच्या चौकटीला वेगवेगळा ठळक रंग, जमिनीवर ओढलेली एक सलग पट्टी, जेवणघराच्या दारावर ताटाचं चित्र: यातलं काहीच महाग नाही. अक्षरं मोठी हवीत, कारण अनेक रुग्णांना औषधांच्या दुष्परिणामांवर जी गोळी दिली जाते तिनं जवळचं धूसर दिसतं. चकाकणारी फरशी नको. गडद पायपुसणं काहींना खड्ड्यासारखं दिसतं आणि ते तिथे अडून राहतात. आज्ञार्थी मजकूर आणि रोखलेली बोटं टाळावीत, कारण आजाराच्या भरात कोणतीही पाटी आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटू शकतं. पाट्यांचा सुकाळ करण्यापेक्षा वाट फुटते त्या मोजक्या ठिकाणीच त्या लावाव्यात. तिथेही खरं तेवढंच लिहावं. ‘डॉक्टर सकाळी १० वाजता येतात’ असं लिहून ते साडेअकराला येत असतील, तर पाटी बदलावी किंवा डॉक्टरांनी वेळेवर यावं.

कायदा या बाबतीत रचनाकारांच्या पुढे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला आपण कोणत्या तरतुदीखाली दाखल आहोत, उपचार कोणता चालला आहे आणि दाद कुठे मागायची, हे त्याला समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा हक्क दिला आहे. प्रत्येक मानसिक आरोग्य आस्थापनेनं, जिथे दाद मागायची त्या पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि दूरध्वनी दर्शनी जागी लावावा, आणि तिथे फोन करण्याची सोय रुग्णाला मोफत द्यावी, हेही त्यात आहे. म्हणजे आतून बाहेर जाणारी एक वाट दाखवणारी पाटी सक्तीची झालेली आहे. आता दर्शनी जागा कोणाच्या दर्शनाची, एवढं ठरवायचं राहतं. अधीक्षकांच्या कचेरीबाहेर लावलेली पाटी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दिसते. औषधाच्या रांगेत रुग्ण जिथे उभा राहतो तिथे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, फोनच्या शेजारी ती लावली तर तक्रारी वाढतील अशी धास्ती कर्मचाऱ्यांना वाटते, आणि ती खोटी नाही; काही तक्रारी भ्रमातूनही येतील, आणि त्या वाचायला मंडळाला माणसं लागतील. त्या माणसांची तरतूद राज्य सरकारनं करायची आहे.